सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल

मृत्युपत्राच्या आधारे सदनिका नावावर करून मिळावी, या माझ्या अर्जाला मावशीच्या गृहनिर्माण संस्थेने अखेर लेखी उत्तर दिले आहे. उत्तर एकाच वाक्याचे आहे: 'मयत सभासदाच्या सर्व कायदेशीर वारसांचे ना-हरकत प्रमाणपत्र सादर केल्यास आपल्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल.' खाली सचिवांची सही आणि वाकडा शिक्का. हे पत्र आल्यापासून घरात माझ्याशी कोणी फारसे बोलत नाही, आणि त्यात त्यांचे शहाणपण आहे.

मला सहानुभूती नको आहे. मावशी गेली तेव्हा जिना चढून येऊन जो तो आपापल्या वाट्याची सहानुभूती देऊन गेला. आता मला भागदाखल्यावर नाव हवे आहे, आणि त्यासाठी जो कागद लागतो तो मी अर्जासोबत जोडलेला आहे.

हे सर्व कायदेशीर वारस कोण, तेही सांगते. मावशीला मूलबाळ नव्हते आणि काका तिच्या आधी गेले. अशा हिंदू स्त्रीने मृत्युपत्र केले नसेल, तर 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15 नुसार तिची स्वकष्टार्जित मालमत्ता तिच्या नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या स्वतःच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्या नंतर लागतो आणि भावंडांचा तर त्याहून पुढे. म्हणजे आमच्या बाबतीत दिवंगत दिराचे दोन मुलगे, ज्यांना मावशी कोणत्या रुग्णालयात आहे हेसुद्धा ठाऊक नव्हते. जन्मभर शाळेत शिकवून, स्वतःच्या पगारातून हप्ते फेडून घेतलेले घर त्यांच्याकडे जाऊ नये, एवढ्याचसाठी तिने मृत्युपत्र केले. आणि संस्था मला सांगते की त्या दोघांची हरकत नसल्याचे लिहून आणा! ज्यांना वगळण्यासाठी कागद केला, त्यांच्याच परवानगीने तो अमलात यायचा असेल, तर मावशीने थरथरत्या हाताने चार पाने लिहिलीच कशाला? ज्यांची हरकत नसणार आहे अशाच माणसांसाठी मृत्युपत्र करायचे असते, असे या समितीला वाटते काय?

लेखी उत्तराच्या आधीचा तोंडी कार्यक्रमही मासलेवाईक होता. सचिवांनी मृत्युपत्र उजेडाकडे धरून पाहिले, जणू त्यात सुरक्षा धागा असायला हवा. मग प्रश्न सुरू झाले. हे स्टॅम्पपेपरवर का नाही? कारण मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. नोंदणी का नाही? कारण नोंदणी ऐच्छिक आहे. सही डळमळीत का आहे? कारण सही करणारी बाई म्हातारी होती आणि कायदा सहीऐवजी नुसती खूणसुद्धा मान्य करतो. 1925च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम 63 मागते ते इतकेच की करणाऱ्याने सही करावी, निदान दोन साक्षीदारांनी ती होताना पाहावी किंवा 'ही माझीच सही' असे त्याच्या तोंडून ऐकावे, आणि त्याच्यासमोर स्वतःच्या सह्या कराव्यात. हे सगळे त्या चार पानांत आहे. मी हे कलम छापून, पिवळ्या शाईने रंगवून नेले होते. त्यांनी ते न वाचता विचारले, "मॅडम, तुम्ही वकील आहात का?" मी नाही म्हटले. "मग वकिलाकडून लिहून आणा," असे म्हणून त्यांनी माझा कागद माझ्याच फाइलखाली सरकवला.

त्यानंतर खजिनदारांनी ठेवणीतले अस्त्र काढले: प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला. प्रोबेटची ती प्रसिद्ध सक्ती आपल्या राज्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रापुरती होती आणि मावशीचे घर त्या हद्दीच्या कितीतरी बाहेर आहे, हे सांगून झाले. उलट महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी जे प्रकरण घातले गेले, त्यातले कलम 154ब-13 स्पष्ट म्हणते की सभासदाच्या मृत्यूनंतर हस्तांतर मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांच्या आधारे करावे, किंवा नामनिर्देशित व्यक्तीकडे. यादीत 'किंवा' आहे हो, 'आणि' नाही. "पण आम्ही जबाबदारी कशी घ्यायची?" हे त्यावरचे उत्तर. जबाबदारी घ्यायची नाही तर समितीच्या निवडणुकीला उभे राहता कशाला, हे मी मनात म्हटले असे मला वाटत होते. ते मोठ्याने म्हटले गेले, असे नवरा सांगतो.

आणि हीच संस्था देखभाल शुल्काचे बिल मला न चुकता पाठवते. बिलावर नाव कैलासवासी मावशीचे, पैसे माझे, आणि उशीर झाला की व्याजही माझ्याच माथी. ते व्याज आकारताना खरा वारस कोण हा गहन प्रश्न कोणालाही पडत नाही, आणि माझ्या धनादेशाला पुतण्यांचे ना-हरकत लागत नाही.

बँकेचे मी काढणारच नव्हते, पण निघालेच आहे तर सांगते. मावशीच्या ठेवीवर नॉमिनी म्हणून काकांचे नाव होते आणि काका तिच्याआधी गेले, त्यामुळे ते नामनिर्देशन निकामी. यावर काउंटरवरच्या गृहस्थांनी मला ऐकवले की नॉमिनी असता तर तोच मालक झाला असता. सरबती देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली विम्याच्या बाबतीत सांगितले की नॉमिनी फक्त पैसे स्वीकारणारा, हक्क वारसांचा. डिसेंबर 2023 मध्ये शेअरच्या बाबतीतही तेच सांगितले. एवढ्या वर्षांत ही गोष्ट दिल्लीहून त्या काउंटरपर्यंत पोहोचलेली नाही. नात्यातले एक काका तर 'नॉमिनी म्हणजेच मालक' असा संदेश दर महिन्याला, हात जोडलेल्या चित्रासह, सगळ्यांना पाठवतात. मी उत्तर दिले की ते अंगठा दाखवतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तोच संदेश येतो.

मूळ दुखणे ते कलम 15 आहे आणि त्याचा राग मला या सचिवांच्याही आधीपासून आहे. 2009च्या ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण खटल्यात लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या, सासरने हाकललेल्या, माहेरच्यांनी शिकवून पायावर उभ्या केलेल्या बाईची कमाई शेवटी सासरच्यांच्याच पदरात पडली, कारण तिने मृत्युपत्र केले नव्हते. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिंदू स्त्रियांना मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले. आवाहन रास्तच आहे. आमच्या मावशीने ते ऐकण्याच्या कितीतरी आधी मृत्युपत्र केले होते. आता कोणी या समित्यांना ते वाचण्याचेही आवाहन करील काय?

या सगळ्यात माझे काय झाले आहे ते न पाहिलेलेच बरे. परवा एका लग्नात, पंगतीत शेजारी बसलेल्या नवरीच्या आत्याबाईंना मी ओळख होण्याआधी सांगितले की साक्षीदार निवडाल तर वयाने लहान निवडा, कारण वाद झालाच तर निदान एका साक्षीदाराला न्यायालयात उभे राहावे लागते, आणि मृत्युपत्र नोंदवलेले असले तरी त्यातून सुटका नाही. आत्याबाई जिलबी तशीच टाकून उठल्या. आमचा एक साक्षीदार वारला आहे. दुसऱ्यांना मी सध्या इतक्या वेळा फोन करून तब्येत विचारते की त्यांच्या सुनेला माझा संशय येऊ लागला आहे.

उपनिबंधकांकडे द्यायची तक्रार लिहून तयार आहे. समितीने कोणत्या कलमाखाली, कोणत्या उपविधीखाली हे ना-हरकत मागितले ते लेखी कळवावे, एवढीच मागणी आहे. वकिलांना ती ठीक वाटली, फक्त शेवटचा परिच्छेद जरा सौम्य करा म्हणाले, कारण त्यात मी समितीच्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करू नये अशी विनंती केली आहे. तो परिच्छेद मी ठेवणार आहे.