मालगाडीच्या लोको पायलटचे ऐकून घ्यायला हवे

१७ जून २०२४ रोजी पश्चिम बंगालमधील रंगापाणी स्थानकापुढे कांचनजंगा एक्सप्रेसला मालगाडीने मागून धडक दिली. मदतकार्य चालू असतानाच मालगाडीच्या लोको पायलटने, म्हणजे इंजिनचालकाने, सिग्नल ओलांडल्याचे रेल्वे बोर्डाने जाहीर केले. आपली बाजू मांडायला तो जिवंत नव्हता. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघाले ते असे : स्वयंचलित सिग्नल पहाटेपासून बिघडलेले होते, लाल सिग्नल ओलांडण्यासाठी दिलेला मेमोच (लेखी परवानगीच) चुकीचा होता, त्यावर वेगमर्यादा लिहिलेली नव्हती आणि तोच मेमो घेऊन आधी गेलेल्या बहुतेक गाड्यांनीही बिघडलेल्या सिग्नलवर लागू असलेला ताशी १५ किलोमीटरचा नियम पाळला नव्हता. इतक्या जणांचा एकच गैरसमज होतो, तेव्हा दोष प्रशिक्षणात आणि व्यवस्थापनात शोधावा लागतो.

हे इतक्या तपशिलाने लिहिले, कारण प्रशासन आणि रनिंग स्टाफ, म्हणजे गाडी चालवणारे कर्मचारी, यांच्यातले नाते यात स्वच्छ दिसते. चूक झाली की बोट आधी इंजिनाकडे जाते. मात्र त्या इंजिनात माणूस कोणत्या अवस्थेत बसला आहे, हे विचारण्याची घाई कोणालाच नसते.

मालगाडीला प्रवासी गाडीसारखे वेळापत्रक नसते. रात्री एक वाजताही कॉल येतो. जेवणाचा डबा भरायचा, लॉबीत, म्हणजे चालकांच्या हजेरी कार्यालयात, जाऊन साइन ऑन (हजेरीची नोंद) करायचे आणि निघायचे. नियमाने नऊ तासांची रनिंग ड्युटी, पण मागून येणाऱ्या मेल-एक्सप्रेसना वाट देत लूप लाइनवर (स्थानकातल्या बाजूच्या रुळावर) किती वेळ उभे राहावे लागेल, याचा भरवसा नाही. परगावच्या रनिंग रूममध्ये (चालकांच्या विश्रामगृहात) आठ तासांची विश्रांती मिळते, तीही पुष्कळदा भर दिवसा. शरीराला झोपेची ठरावीक वेळच उरत नाही, आणि सलग चौथ्या रात्री पहाटे तीनच्या सुमारास डोळ्यांवर जो ताण येतो, तो कितीही कडक शिस्तीने जात नाही. असंख्य इंजिनांत अजून शौचालय नाही. महिला असिस्टंट लोको पायलट ड्युटीवर पाणी पिणेच टाळतात, ही गोष्ट मला अत्यंत लाजिरवाणी वाटते.

एवढे असूनही एप्रिल २०२५ मध्ये रेल्वे बोर्डाने जेवणासाठी व नैसर्गिक विधींसाठी ठरावीक सुट्टी देणे व्यवहार्य नसल्याचे क्षेत्रीय रेल्वेंना कळवले. वर्षाला दीड अब्ज टनांहून अधिक माल वाहून नेणाऱ्या, आणि त्याच मालभाड्यावर प्रवासी वाहतुकीचा तोटा भरून काढणाऱ्या संस्थेला हे शब्द शोभत नाहीत. गाड्यांचे नियोजन माणसे करतात. त्यात वीस मिनिटे बसवणे अवघड असेल, अशक्य नाही.

जून २०२४ मध्ये दक्षिण रेल्वेतील लोको पायलटांनी मुख्यालयातील, म्हणजे आपल्या नेमणुकीच्या गावातील, १६ तासांच्या विश्रांतीवर साप्ताहिक ३० तास वेगळे धरून ४६ तास मिळावेत, सलग रात्रपाळ्या दोनच असाव्यात आणि ठरावीक तासांत घरी परतता यावे, यासाठी आंदोलन केले. त्यांना उत्तर मिळाले ते निलंबनाचे आणि आरोपपत्रांचे. भुसावळ, अजनी, दौंड येथील लॉबींमध्येही याच मागण्या आहेत. संघटनांशी चर्चेला बसताना बोर्डाने रिक्त पदांचा विभागवार हिशेब आधी समोर ठेवावा, कारण माणसे कमी असतील तर रोस्टर कितीही नवे आखले तरी विश्रांती कागदावरच राहते.