हलकी जिग का बांधायची: एका कमेंटला उत्तर

नमस्कार, कमेंट एवढी सविस्तर लिहिलीत त्याबद्दल खरंच आभार. तुमचं म्हणणं असं की 1/64 औंसची जिग (डोक्याशी धातूचं वजन आणि अंगावर पिसं बांधलेला मासेमारीचा गळ) घरी बांधत बसणं म्हणजे वेळ घालवणं, वाऱ्यात ती लांब जात नाही, मॅराबू (शेपटीला लावायचं मऊ, फुलणारं पीस) भिजला की चिकटून बसतो, त्यापेक्षा 1/16 ची शिशाची जिग पाकिटात मिळते आणि झटकन माशापर्यंत पोचते.

लांब जात नाही हे बरोबर, अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी वजन आहे तिचं. म्हणून वर छोटा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, लावायचा, फेकायला वजन त्याचं आणि जिग खाली तिच्या तिच्या गतीनं उतरते. पण "झटकन" हे मला अजिबात पटत नाही. ब्लूगिल आणि क्रॅपी हे तळ्यातले मासे जे खातात ना, पाण्यातल्या अळ्या, किडे, बारीक प्लवक, त्यातलं काहीच दगडासारखं खाली जात नाही. क्रॅपी तर बहुतेक वेळा आपल्या वरचंच बघून खातो, जिग त्याच्या खाली गेली की संपलं. ब्लूगिलचं तोंड इवलंसं, तो भक्ष्य पाण्यासकट आत ओढून घेतो आणि हलकी वस्तू सहज ओढली जाते. बहुतेक मासे जिग उतरत असतानाच लागतात, लाईन मधेच थांबते नाहीतर जराशी बाजूला सरकते, तेव्हाच ओढायचं.

आता बांधण्याचं. बुडायचा वेग नुसत्या वजनावर नसतो, पाण्याचा अडथळा किती होतो त्यावरही असतो, आणि तो अडथळा आपल्या हातात राहावा म्हणूनच घरी बांधायची. 8 किंवा 10 नंबरचा गळ, मागे गळाच्या दांडीएवढी मॅराबूची शेपटी, अंगावर बारीक शनील (मऊ, लवदार दोरा) आणि त्यावर हॅकलच्या, म्हणजे कोंबड्याच्या मानेच्या, पिसाचे विरळ वेढे. एक वेढा वाढवला की जिग अजून सावकाश, कमी केला की जलद. मॅराबू पाण्याबाहेर काढल्यावर चिकटलेला दिसतो हे खरंय, पण पाण्यात परत फुलतो, फक्त गच्च भरायचा नाही. कोरडा असताना त्यात हवा अडकते, म्हणून पहिल्यांदा टाकायच्या आधी बोटांनी दाबून नीट भिजवा.

आणि शिशाबद्दल मला जरा कळकळीनं सांगायचंय. तुम्ही मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांवर जाता असं लिहिलंय, तिथे गोड्या पाण्यात एक औंसपेक्षा हलके शिशाचे सिंकर (लाईन बुडवायची वजनं) आणि जिग 2012 पासून बंद आहेत. कारण लून, पाण्यात बुडी मारून मासे खाणारे पक्षी. ते अन्न दळायला तळातले खडे गिळतात, जिग अडकलेले मासेही खातात, आणि शिशाचा एक छोटा तुकडासुद्धा त्यांचा जीव घेतो. तिथल्याच क्वाबिन जलाशयावर लून आहेत, कधी गेलात तर आवाज ऐकाच! कथील वापरा. शिशाची घनता 11.3, कथलाची 7.3, म्हणजे तेवढ्याच आकाराचं डोकं साधारण दोन तृतीयांश वजनाचं होतं आणि जिग आपोआप सावकाश बुडते. टंगस्टन पण चालतं कायद्यानं, पण त्याची घनता 19 च्या वर, ते बर्फाला भोक पाडून मासे धरताना घ्या, इथे नको.

एकदा उंच काचेच्या बरणीत तुमची आणि अशी बांधलेली जिग एकदम सोडून बघा, फरक लगेच दिसेल. कथलाची डोकी स्वतः ओतणार असाल तर साचा आधी गरम करून पूर्ण कोरडा करा, पाण्याचा थेंब जरी राहिला तरी वितळलेला धातू अंगावर उडतो, आणि चष्मा घालाच.