‘सगळं नेटवर आहे’ : विद्यापीठाचं ग्रंथालय मोडीत काढण्याआधी

विद्यापीठांच्या ग्रंथालयांवरचा खर्च वाया जातो, असा एक मजकूर दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: सगळं ज्ञान आता इंटरनेटवर फुकट मिळतं. ग्रंथालय म्हणजे वर्षानुवर्षं न हललेल्या पुस्तकांचं गोदाम. विद्यार्थी तिथे जातात ते नुसते बसायला, तेव्हा टेबलं-खुर्च्या आणि वायफाय ठेवा, बाकीचं काढा. आणि शंका विचारायला एआय असताना ग्रंथपाल कशाला? मला हा मजकूर पाठवणाऱ्यांत शिकवणारी माणसंही आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे.

पहिलं, ‘फुकट मिळतं’. विद्यापीठाच्या आवारात बसून शोधनिबंधाच्या दुव्यावर बोट ठेवलं की तो उघडतो. तोच दुवा घरून उघडून पाहा. बऱ्याचदा सारांश दिसतो आणि खाली पैसे मागणारी चौकट. आवारात तो उघडतो कारण त्या नियतकालिकाची वर्गणी ग्रंथालयाने भरलेली असते आणि प्रकाशकाची यंत्रणा विद्यापीठाचं नेटवर्क ओळखते. पैसे भरणारा हात वाचकाला दिसत नाही, एवढंच. या वर्गण्या किती जड झाल्या आहेत हे २०१९ साली जगाने पाहिलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाने एल्सव्हिअर या बड्या प्रकाशकाशी असलेला करार पुढे चालू ठेवायला नकार दिला. नवा करार व्हायला २०२१ उजाडलं, आणि त्यात तिथल्या संशोधकांचे लेख कुणालाही वाचता यावेत अशी तरतूद होती. ही घासाघीस करायला बसलेल्यांत प्राध्यापकांबरोबर तिथले ग्रंथपाल होते.

जे खरोखर फुकट आहे, त्यातलंही बरंच ग्रंथालयांच्या जिवावर उभं आहे. भौतिकशास्त्र आणि गणितातले नवे निबंध ज्या ‘आर्काइव्ह’ संकेतस्थळावर मोफत मिळतात, ते पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ साली सुरू केलं. २००१ मध्ये ते कॉर्नेल विद्यापीठात आलं आणि पुढे कित्येक वर्षं तिथल्या ग्रंथालयाने सांभाळलं. गूगलने २००४ पासून जी लाखो पुस्तकं स्कॅन केली, ती मिशिगन, हार्वर्ड, ऑक्सफर्ड अशा विद्यापीठांच्या कपाटांतूनच काढली. त्या स्कॅनच्या प्रती एकत्र जपण्यासाठी अमेरिकेतल्या विद्यापीठ-ग्रंथालयांनी २००८ साली ‘हाथीट्रस्ट’ उभा केला. नाव हत्तीवरूनच घेतलं, त्याच्या स्मरणशक्तीसाठी. आज तिथे दीड कोटीहून अधिक खंड आहेत. त्यातले बरेचसे मात्र कॉपीराइटच्या कायद्यामुळे स्क्रीनवर पूर्ण वाचता येत नाहीत. पूर्ण वाचायचं तर पुन्हा कागदाची प्रत शोधणं आलं.

शिवाय ‘नेटवर आहे’ म्हणजे ‘नेटवर राहील’ असं नव्हे. २००९ साली अॅमेझॉनने ऑर्वेलच्या कादंबऱ्यांच्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकल्या. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, असं कारण होतं. पैसे परत मिळाले, पुस्तक गेलं. छापील प्रत अशी रातोरात कपाटातून गायब करता येत नाही. डिजिटल नियतकालिकांच्या बाबतीत हा धोका ग्रंथालयांनी आधीच ओळखला होता. स्टॅनफर्डच्या ग्रंथालयात १९९९ साली ‘लॉक्स’ प्रकल्प सुरू झाला. अनेक ग्रंथालयांनी एकाच मजकुराच्या प्रती ठेवायच्या आणि त्या एकमेकींशी ताडून दुरुस्त करत राहायच्या, अशी ती योजना. एखादा प्रकाशक बुडाला तरी लेख बुडत नाही.

आता गोदामाचा मुद्दा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मला सगळ्यात जास्त चीड याच वाक्याची येते.

‘नको असलेली पुस्तकं काढून टाका’ हा प्रयोग ऑक्सफर्डमध्ये होऊन गेला आहे. ड्यूक हम्फ्री यांनी दिलेल्या २८० हून अधिक हस्तलिखितांसाठी तिथे बांधलेलं ग्रंथालय १४८८ साली उघडलं. १५५० मध्ये, धर्मसुधारणेच्या धामधुमीत, जुन्या, कॅथलिक पंथाची म्हणून ती पुस्तकं बाहेर काढली गेली. १५५६ पर्यंत बाकं-फळ्याही विकून झाल्या होत्या. पुढचं जवळजवळ अर्धं शतक त्या विद्यापीठाला स्वतःचं मध्यवर्ती ग्रंथालय नव्हतं. टॉमस बॉडली यांनी १६०२ मध्ये ते नव्याने उघडलं आणि १६१० साली लंडनच्या छापखानेवाल्यांच्या संघाशी करार केला की त्यांच्याकडे नोंदलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत इथे येईल. हम्फ्रींच्या मूळ संग्रहातली पुस्तकं मात्र आज बोटांवर मोजण्याइतकीच तिथे आहेत. ज्यांनी ती काढली, त्यांनाही ती निरुपयोगीच वाटली होती.

आणि ‘न हललेलं पुस्तक’ म्हणजे काय? मेंडेलचा वाटाण्यावरचा निबंध १८६६ साली ब्रनो इथल्या एका निसर्गविज्ञान मंडळाच्या वार्षिकात छापून आला. ते वार्षिक शंभरहून अधिक संस्थांना आणि ग्रंथालयांना गेलं. जवळपास चौतीस वर्षं त्याचं मोल कुणाला कळलं नाही. १९०० साली त्याच वाटेवर निघालेल्या संशोधकांनी जुने संदर्भ धुंडाळले आणि तो निबंध त्यांना सापडला. आनुवंशशास्त्राचा पाया तिथे सापडला. दहा वर्षांत कुणी नेलं नाही म्हणून प्रत्येकाने ते वार्षिक रद्दीत घातलं असतं तर? छाननी ग्रंथालयंही करतातच, करायलाच हवी. पण चांगला ग्रंथपाल पुस्तक काढण्याआधी पाहतो, की दुसरीकडे कुठे प्रत शिल्लक आहे का. देवघेवीच्या नोंदीवरचा शेवटचा शिक्का पाहून तो निकाल देत नाही.

विद्यार्थी नुसते बसायला येतात, हे मात्र पुष्कळ ठिकाणी खरं आहे, आणि त्यात दोष ग्रंथालयांचाही आहे. मी शिकत होते तेव्हा कपाटांपर्यंत जायला बंदी होती. चिठ्ठी भरायची, तासभर थांबायचं, आणि चिठ्ठी ‘जागेवर नाही’ असा शेरा घेऊन परत यायची. अशा ठिकाणी मुलं स्वतःचीच पुस्तकं घेऊन बसणार. यावरचा इलाज जुना आहे. गणिताचे प्राध्यापक असलेले रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. सुरुवातीला त्यांना ते काम इतकं कंटाळवाणं वाटलं की परत शिकवायला जाऊ द्या, अशी त्यांनी मागणी केली होती. लंडनला जाऊन ग्रंथालयं पाहून आले आणि मग त्यांनी कपाटं वाचकांसाठी खुली केली. १९३१ साली मांडलेल्या त्यांच्या पाच सूत्रांतलं पहिलंच आहे: ग्रंथ उपयोगासाठी आहेत. पाचवं, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. कुलूप लावलेल्या कपाटांबद्दल तक्रार करा, मी तुमच्या बाजूने आहे. पण कुलूप काढा म्हणण्याऐवजी कपाटंच काढा म्हणणं मला मान्य नाही.

राहिला एआय. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटल्यांचे दाखले सादर केले. त्यातले सहा खटले कधी झालेच नव्हते. ५,००० डॉलर दंड झाला. विद्यापीठांतही असे दाखले हातात घेऊन विद्यार्थी संदर्भ विभागात येतात: लेखकाचं नाव खरं, नियतकालिक खरं, लेख मात्र अस्तित्वात नाही. मग ग्रंथपाल तालिका उघडतो, खंड आणि वर्ष जुळवतो, त्या अंकाची अनुक्रमणिका समोर ठेवतो, आणि त्या विद्यार्थ्याला नेमकं काय शोधायचं होतं ते विचारून खरा लेख काढून देतो.