‘यात कसलं आलंय धर्मस्वातंत्र्य?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या, पश्चिमेकडच्या यूटा प्रदेशातल्या स्थलांतरावरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात, त्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप असा की ही मंडळी धर्मासाठी नव्हे, तर अनेक बायका करता याव्यात म्हणून पश्चिमेला पळाली, पुढे यूटातल्या माउंटन मेडोजला त्यांनीच निरपराध माणसं मारली, आणि मी मात्र त्यांना हुतात्मे करून ठेवलं.

माउंटन मेडोजबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. ११ सप्टेंबर १८५७ ला मॉर्मन मिलिशियाने कॅलिफोर्नियाला निघालेल्या तांड्याला ‘सुखरूप बाहेर काढतो’ असा शब्द दिला, शस्त्रं खाली ठेवायला लावली आणि माणसं कापून काढली. सुमारे १२० जण गेले. वाचली ती फक्त लहान मुलं. शिक्षा झाली एकट्या जॉन ली याला, तीही वीस वर्षांनी. माझा लेख १८४७ ला संपतो ही सबब मी देणार नाही. हे त्यात यायलाच हवं होतं.

पण बायकांचं कारण तारखांशी जुळत नाही. अमेरिकेच्या मिझुरी राज्यातल्या जॅक्सन काउंटीतून त्यांना हुसकावलं १८३३ मध्ये. २७ ऑक्टोबर १८३८ ला गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनी लेखी हुकूम काढला: मॉर्मनांना शत्रू समजा, त्यांचा नायनाट करा नाहीतर राज्याबाहेर घालवा. तेव्हाचं भांडण जमिनीचं होतं, एकगठ्ठा मतांचं होतं. त्यात गुलामगिरीच्या राज्यात उत्तरेकडून आलेले हे लोक ‘ही भूमी देवाने आम्हाला दिली’ म्हणत होते. मॉर्मनांचेही हात स्वच्छ नव्हते. गॅलाटिन गाव त्यांनीच लुटून जाळलं. पण हुकमानंतर तीनच दिवसांनी हॉन्स मिल या मॉर्मन वस्तीत काय झालं ते पाहा. हल्ला होताच पुरुष लोहाराच्या दुकानात शिरले. भिंती ओंडक्यांच्या, ओंडक्यांत रुंद फटी. त्या फटींतून बंदुका आत घालून गोळ्या झाडल्या. सतरा जण मेले. दहा वर्षांचा सार्डियस स्मिथ भात्याखाली लपला होता, त्यालाही सोडलं नाही. मिझुरीने तो हुकूम अधिकृतपणे मागे घेतला १९७६ मध्ये!

मिझुरीतून हाकलल्यावर मॉर्मनांनी इलिनॉय राज्यात वसवलेल्या नॉवू शहराबाबत मात्र तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. १८४४ मध्ये तिथे पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या बहुपत्नीत्वाला वाचा फोडणारं वर्तमानपत्र निघालं आणि नगराध्यक्ष असलेल्या स्मिथ यांनी त्याचा छापखाना मोडायला लावला. स्वतःसाठी स्वातंत्र्य मागणाऱ्याने दुसऱ्याचं तोंड बंद करावं, याचं समर्थन मी करणार नाही. पण त्याचा निवाडा कोर्टात व्हायचा होता. तो जमावाने कार्थेजच्या तुरुंगात घुसून, स्मिथ यांना ठार मारून केला, आरोपी सरकारच्या ताब्यात असताना. १८४६ च्या फेब्रुवारीतल्या थंडीत मिसिसिपी ओलांडायला निघालेल्या कुटुंबांच्या डोळ्यांसमोर हे सगळं होतं.

‘कायदा तो कायदा’, असंही तुम्ही म्हणता. बहुपत्नीत्वाबद्दलच्या १८७९ च्या रेनॉल्ड्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं: श्रद्धेला मोकळीक आहे, तिच्या नावाखाली केलेल्या कृतीला नाही. त्यासाठी दिलेल्या दाखल्यांत नवऱ्याच्या चितेवर चढणारी बाईही होती. सतीचा इतिहास घरचा असलेल्या आपल्याला तो युक्तिवाद वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मला तो निकाल पटतो. पण त्या भात्याखालच्या पोराने कोणता कायदा मोडला होता?

माझी मोठी चूक तुमच्याही नजरेतून सुटली आहे. मॉर्मन यूटात जिथे वसले त्या सॉल्ट लेकच्या खोऱ्याला मी ‘ओसाड’ म्हटलं. तिथे शोशोनी आणि यूट या मूळनिवासी लोकांचा वावर होता. यूटा सरोवरावर टिंपानोगोस लोक मासेमारी करून जगत. १८४९ मध्ये मॉर्मनांनी तिथेच वसाहत थाटली आणि १८५० च्या फेब्रुवारीत स्मिथ यांच्यानंतरचे नेते ब्रिगहॅम यंग यांच्या संमतीने टिंपानोगोस लोकांवर हल्ला केला. शिवाय १८४७ च्या ज्या पहिल्या तुकडीचं मी तोंडभरून कौतुक केलं, तिच्यात ग्रीन फ्लेकसह तीन कृष्णवर्णीय गुलामही होते. धर्मस्वातंत्र्याच्या वाटेवर त्यांना विचारून कुणी नेलं नव्हतं.

लेखातून ‘ओसाड’ हा शब्द काढला आहे. टिंपानोगोस आणि फ्लेक यांच्याबद्दलचा मजकूर आज रात्री घालतो. माउंटन मेडोजवर स्वतंत्र लेख लिहायला घेतला आहे. तोही असाच तपासून वाचा.