साठ मीटर पाणी सोसणारे यंत्र साठ मीटर खोलवरचे पाहत नाही

गेल्या पंधरा दिवसांत एकच संदेश माझ्याकडे चार वाटांनी आला. पहिल्या तिन्ही वेळा मी तो न वाचताच पुसून टाकला. चौथ्या वेळी तो माझ्या भाच्याने पाठवला आणि त्याखाली लिहिले, “मामा, पंचवीस हजार भरले. मालवणात पयले आपणच.” मग मात्र तो सबंध वाचणे भाग पडले.

‘पाण्याखालच्या मेटल डिटेक्टरची खोली दहापट वाढवा’ असे त्याचे शीर्षक आहे. म्हणणे थोडक्यात असे: ६० मीटर क्षमतेचे यंत्र घेतले की समुद्राच्या तळाखालचे सोने ६० मीटरपर्यंत दिसते; सेन्सिटिव्हिटी, म्हणजे क्षीण संकेत टिपण्याची तीव्रता, कायम शेवटच्या टोकाला ठेवावी; मोठी कॉइल (दांड्याच्या टोकाची तारेच्या वेढ्यांची चकती) लावली किंवा बॅटरीचे व्होल्टेज दुप्पट केले की खोलीही दुप्पट होते; खारे पाणी वीजवाहक असल्यामुळे समुद्रात यंत्राचा पल्ला जमिनीपेक्षा जास्त असतो; जुने सोने भोवतालच्या वाळूत ‘पसरते’, म्हणून ते आणखी खोलवरून सापडते; आणि समुद्रात सापडलेली वस्तू ज्याला सापडली त्याचीच असते. शेवटी विक्रेत्याचा क्रमांक दिला आहे. सबंध संदेशात तेवढीच एक गोष्ट तपासून लिहिलेली असावी असे मला वाटते.

भाचा पर्यटकांना समुद्रात बुडी मारायला नेणाऱ्या नौकेवर काम करतो. पाण्याबद्दल मी त्याला शिकवावे असे काही नाही. तंत्रनिकेतनात तीस वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवल्यामुळे यंत्राबद्दल मात्र चार शब्द बोलण्याचा अधिकार मी घेतो.

६० मीटरचा दावा आधी घेतो, कारण पैसे त्याच्यावर गेले. मी भाच्याकडे यंत्राची माहितीपुस्तिका मागितली. विक्रेत्याने ती दिली नव्हती. यंत्र बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावर ती कोणालाही फुकट मिळते. त्या पुस्तिकेत ६० मीटर हा आकडा एकदाच येतो आणि तो जलरोधकतेच्या ओळीत येतो. म्हणजे यंत्र ६० मीटर पाण्याखाली नेले तरी त्याच्या आत पाणी शिरणार नाही, एवढीच ती हमी आहे. वस्तू किती खोलवर सापडेल याचा आकडा पुस्तिकेत कुठेही नाही. ते वस्तूचा आकार, धातू आणि तळाची माती यांवर अवलंबून असते, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे. मनगटावरच्या घड्याळावर ‘५० मीटर’ असे छापलेले असते, म्हणून त्या घड्याळाला ५० मीटरवरची होडी दिसते असे कोणी म्हणत नाही. इथे मात्र नेमके तेच म्हटले गेले आहे आणि शेकडो लोकांनी ते पुढे पाठवले आहे.

हा नुसता शब्दांचा घोळ असता तर मी सोडून दिला असता. पण ‘साठ मीटर’ डोक्यात बसल्यापासून भाचा खोल पाण्याच्या गोष्टी करू लागला आहे. पर्यटकांना आपल्याकडे जिथे बुडी मारायला नेतात तिथे पाणी सहसा दहा मीटरही नसते. दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. ६० मीटरवर अंगावर एकूण सात वातावरणांचा दाब असतो. हौशी पाणबुड्यांसाठी ४० मीटर ही शेवटची मर्यादा मानतात, आणि त्यापुढे साधी हवा श्वासात घेणाऱ्याला नायट्रोजनची अक्षरशः झिंग चढते. यंत्राचे कवच ६० मीटरला टिकते म्हणून ते धरणारा माणूसही टिकेल, असे पुस्तिकेत म्हटलेले नाही.

आता हे यंत्र प्रत्यक्षात किती खोलवरचे ‘पाहते’ ते सांगतो. कॉइलमधून बदलता विद्युतप्रवाह सोडला की तिच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि त्या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र यंत्र टिपते. कॉइलपासून दूर गेल्यावर तिचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते, आणि वस्तूकडून परत येणारे क्षेत्रही तसेच घटते. जाताना तीन घात आणि येताना तीन घात, मिळून सहा. त्यामुळे खोली दुप्पट करायची तर ६४ पट संकेत लागतो. जे नाणे ३० सेंटिमीटरवर जेमतेम लागते, तेच ६० मीटरवर लागायचे तर अंतर २०० पट होते आणि २०० चा सहावा घात ६४ लाख कोटी भरतो. वाटेतले समुद्राचे पाणी जे गिळेल ते वेगळेच. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी अशाच तत्त्वाच्या यंत्राने शोधून पाहिली होती. ती सापडली नाही, कारण ती अपेक्षेपेक्षा खोल होती आणि बिछान्यातल्या स्प्रिंगांनीही घोटाळा केला असावा असे मानतात. ती खोली माणसाच्या शरीरातलीच होती, हे लक्षात घ्यावे.

भाच्याला गणित पटले नाही. म्हणून ओळखीच्या एका गृहस्थांकडून तशाच प्रकारचे यंत्र दोन दिवसांसाठी आणले आणि अमावास्येच्या ओहोटीला आम्ही घरामागच्या पुळणीवर घोट्याएवढ्या पाण्यात उतरलो. बहिणीची तीन ग्रॅमची अंगठी तंगुसाला (मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्याला) बांधून वाळूत पुरली. तंगुसाचे दुसरे टोक बहिणीने स्वतःच्या मनगटाला गुंडाळून घेतले होते, कारण तिचा भावावर आणि मुलावर सारखाच विश्वास आहे. दहा सेंटिमीटरवर अंगठी खणखणीत वाजली. अठरा सेंटिमीटरवर कान देऊन ऐकावे लागले. पंचवीसला यंत्र गप्प. पितळेचा तांब्या मात्र पंचेचाळीस सेंटिमीटरवरूनही लागला. पुन्हा अंगठी अठरावर ठेवून चकती तळापासून चार बोटे उचलली, तर तो क्षीण आवाजही गेला. चकती आणि वाळू यांच्यामध्ये जितके पाणी राहील तितकी खोली वजा होते, हे भाच्याला माझ्या आकडेमोडीपेक्षा त्या चार बोटांनी जास्त पटवले.

सेन्सिटिव्हिटीचे उत्तरही त्याच संध्याकाळी मिळाले. ती टोकाला नेली तेव्हा प्रत्येक लाटेबरोबर यंत्र किरकिरत होते आणि त्या किरकिरीत पंधरा सेंटिमीटरवरची अंगठीही ओळखू येईना. दोन-तृतीयांशावर आणली तेव्हा तीच अंगठी अठरावर ऐकू आली. सेन्सिटिव्हिटी वाढवली की हव्या त्या संकेताबरोबर नको तो गोंगाटही वाढतो. मिऱ्या, काळबादेवी अशा रत्नागिरीकडच्या किनाऱ्यांवर तर काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहयुक्त खनिजे असतात, जांभ्या दगडातही लोह असते, आणि वर खारे पाणी. एकाच वारंवारतेवर चालणाऱ्या यंत्राला मॅग्नेटाइट आणि मीठ ही दोन्ही एकाच वेळी गप्प करता येत नाहीत. एकाचा तोल साधला की दुसरे बोलू लागते. अनेक वारंवारता वापरणारी यंत्रे किंवा पल्स इंडक्शन प्रकारची यंत्रे यासाठीच बनवली गेली.

खाऱ्या पाण्याच्या दाव्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. समुद्राचे पाणी वीजवाहक असते हे खरे. पण वाहक असल्यामुळेच ते यंत्राला एका भल्यामोठ्या, फिक्या धातूसारखे भासते आणि यंत्राचे क्षेत्रही शोषून घेते. दहा किलोहर्ट्झच्या आसपास ते क्षेत्र समुद्रात अडीच मीटर गेले की साधारण एक-तृतीयांश उरते. हातभर खोलीच्या कामात हा तोटा किरकोळ आहे, पण तो तोटाच आहे. त्याला फायदा म्हणणे म्हणजे गळक्या होडीत पाणी आयते मिळते असे म्हणणे. पल्स इंडक्शन यंत्र क्षेत्र झटकन बंद करते आणि काही मायक्रोसेकंद थांबून मगच ऐकते. तांब्याच्या मानाने खारे पाणी कोटीहून अधिक पटींनी मंद वाहक असल्याने तेवढ्या वेळात पाण्यातले प्रवाह विरून जातात, धातूतले टिकतात. ही युक्ती उत्तम आहे. फक्त अशा यंत्राला लोखंड आणि सोने यांतला फरक फारसा कळत नाही. जाळ्यांचे शिसे, गंजलेले गळ, खिळे आणि बाटल्यांची बुचे आपल्या किनाऱ्यावर किती पडलेली असतात, हे रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला) हात लावलेल्या कोणालाही सांगायला नको.

मोठ्या कॉइलबद्दलही थोडे मान्य आहे. तोफ किंवा नांगर शोधायचा असेल तर मोठी कॉइल खरेच खोल जाते. पण तिचे क्षेत्र जास्त जागेत विखुरते, त्यामुळे अंगठी किंवा नाणे तिच्याखालून निसटते. शिवाय ती वाळूचा आणि मिठाचा गोंगाटही जास्त गोळा करते आणि लाटेत शिडासारखी ओढ घेते. बॅटरीबद्दल मात्र काहीही मान्य नाही. व्होल्टेज दुप्पट करून कॉइलमधला प्रवाह दुप्पट झाला असे धरले, तरी सहाव्या घाताच्या हिशेबाने खोली १२ टक्के वाढते, म्हणजे तीस सेंटिमीटरला जेमतेम साडेतीन. प्रत्यक्षात यंत्राच्या आतला, व्होल्टेज ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर एकतर ते जास्तीचे व्होल्टेज अडवतो किंवा जळतो. बंद कवचात लिथियमच्या सेलशी असले खेळ करून ते यंत्र छातीशी बांधून पाण्यात उतरायचे, हा सल्ला ज्याने दिला त्याने स्वतः तो पाळला असेल असे वाटत नाही.

‘पसरणाऱ्या’ सोन्याला दोन ओळी पुरेत. लोखंड गंजते, गंज भोवतालच्या वाळूत झिरपतो आणि त्यामुळे लोखंडी वस्तू तिच्या आकारापेक्षा मोठी भासू शकते. सोने गंजत नाही, म्हणूनच ते सोने आहे.

मग मोठमोठ्या खोलीवरून बुडालेली जहाजे शोधल्याची दृश्ये येतात कुठून? ती बहुधा मॅग्नेटोमीटर आणि साइड-स्कॅन सोनार (ध्वनिलहरींनी तळाचे चित्र काढणारे साधन) यांची असतात. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे सागरी पुरातत्त्वाचे काम अशा साधनांनी चालते. मॅग्नेटोमीटर लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात पडलेला फरक मोजतो, त्यात फक्त एकेरी घटीचा हिशेब असतो, म्हणून त्याचा पल्ला कितीतरी जास्त. सोने, चांदी, तांबे मात्र त्याला अजिबात कळत नाहीत.

राहिला मालकीचा दावा. इथे मला एकच आधार पुरतो आणि तो भारताच्या राज्यघटनेचा आहे. अनुच्छेद २९७ नुसार प्रादेशिक सागरातल्या समुद्राखालच्या जमिनी, खनिजे आणि इतर मौल्यवान वस्तू संघराज्याच्या मालकीच्या असतात. प्रादेशिक सागराची हद्द १९७६ च्या कायद्याने १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर आहे. भाच्याची नौका त्याच्या निम्म्यापर्यंतही जात नाही. ‘तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा’ ही कुजबुज १८७८ च्या निखात निधी कायद्यातून आली असावी. तो वाटा जमिनीत पुरलेल्या बेवारस ठेव्याचा आहे, आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचे काही सापडले तर आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. ते लपवले तर वाटा जातो आणि वर तुरुंगवासही होऊ शकतो. शिवाय मालवणसमोरचा सिंधुदुर्ग किल्ला हे केंद्राचे संरक्षित स्मारक आहे, २०२५ पासून जागतिक वारशात आहे, आणि अशा स्मारकाभोवती १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित व त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित असतात. किल्ल्याभोवतीचे पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्याच्या गाभ्यात मोडते. तिथे तळ उकरताना पकडला गेलेला मुलगा कोणत्या खात्याला आधी उत्तर देईल, एवढाच प्रश्न उरतो.

विक्रेता आगाऊ रक्कम परत द्यायला तयार नाही, असे काल कळले. तेव्हा यंत्र येणारच. पर्यटकांच्या अंगठ्या आणि साखळ्या गुडघाभर पाण्यात दर आठवड्याला पडतात, आणि ज्याची वस्तू त्याला परत शोधून द्यायला हे यंत्र अगदी योग्य आहे. भाच्याला मी एका कागदावर लिहून दिले आहे: सेन्सिटिव्हिटी किरकिर थांबेपर्यंत खाली आणायची, चकती वाळूला लागून ठेवायची, सावकाश फिरवायची आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढवायचा; शक्य असेल तर उधाणाची ओहोटी गाठायची, आणि संकेत क्षीण असेल तर तळहाताने वरची वाळू बाजूला सारून पुन्हा ऐकायचे. त्या संध्याकाळी बहिणीची अंगठी पंचवीस सेंटिमीटरवरून अखेर तशीच मिळाली. तंगूस मध्येच तुटला होता.