तळघरातला बोरघाट

घर घेताना बायकोने शाळा पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं, शेजारपाजार पाहिला. मी फक्त तळघर पाहिलं. एजंटबाई पाइपांबद्दल काहीतरी सांगत होत्या आणि मला न्यू जर्सीच्या त्या ओलसर काळोखात कर्जतचा फलाट दिसत होता. लहानपणी डोंबिवलीहून पुण्याला आजोळी जाताना कर्जतला गाडी थांबायची, मागून धप्पकन बँकर, म्हणजे घाटात गाडीला मागून रेटणारं जादा इंजीन लागायचं, आणि वडे आणायला उतरलेले बाबा परत चढेपर्यंत आईचा जीव टांगणीला. एवढ्याशा भांडवलावर मी रेल्वेची दोन मजली छोटी प्रतिकृती बांधायला निघालो. खालच्या फळीवर कर्जत, वरच्या फळीवर लोणावळा, मधे बोरघाट.

याला सहा वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यापर्यंत रूळ खोक्यातच होते. आराखडे मात्र एकोणीस झाले होते.

माझं स्केल एचओ, म्हणजे सगळं ८७ पटीने लहान. दोन रुळांत अंतर साडेसोळा मिलिमीटर. ऐकायला किती सुटसुटीत! मग मी गणित मांडलं. खरा घाट पंधरा मैलांत सुमारे १८०० फूट चढतो. ८७ने भागलं तरी नऊशे फूट लांब आणि वीस फूट उंच. तळघराचं छत साडेसात फुटांवर. म्हणजे लोणावळा येणार दोन मजले वर, मुलीच्या खोलीत. तिने हरकत घेतली नाही, भाडं मागितलं.

यावर उपाय म्हणजे हेलिक्स. रूळ स्प्रिंगसारखे गोल गोल फिरवत वर न्यायचे. बायको त्याला चकली म्हणते. त्रिज्या दोन फूट घेतली आणि प्रत्येक वेढ्याला चार इंच चढ दिला, तर उतार किती येतो माहितीये? जवळजवळ सदतीसला एक, म्हणजे सदतीस फूट गेलं की एक फूट वर! १८६३ साली घाट सुरू झाला तेव्हा इंग्रजांनी ठेवलेला सर्वांत तीव्र चढ हाच. रात्री दीड वाजता हा आकडा कॅल्क्युलेटरवर आला, तेव्हा मी बायकोला उठवून सांगितलं. ते चुकलंच.

चकलीचे चार वेढे, म्हणजे पन्नास फूट रूळ. त्यात गाडी शिरली की दोन मिनिटं दिसतच नाही. आणि चकलीला जागा लागते साडेचार फूट बाय साडेचार फूट. तेवढी मोकळी जागा तळघरात एकच होती, वॉशिंग मशीनसमोर. बाकी एका कोपऱ्यात गरम पाण्याची टाकी, दुसऱ्यात घर गरम ठेवणारी भट्टी, तिसऱ्यात पावसाचं पाणी उपसणारा पंप, आणि चौथ्यात तांदळाच्या गोणी आणि आईने बांधून दिलेलं गोडा मसाल्याचं पाच वर्षांचं पुरेल इतकं पोतं. आराखडा क्रमांक सातमध्ये मशीनपर्यंत जायला लोणावळ्याखालून वाकून जावं लागत होतं. बायको म्हणाली, ‘‘रोज धुण्याआधी साष्टांग नमस्कार घालू का?’’

उंचीचाही घोळच. कर्जत चाळीस इंचांवर, लोणावळा छप्पन्नवर. कर्जत नीट बघायचं तर स्टुलावर बसायचं, लोणावळा बघायचं तर पाटावर उभं राहायचं. पाच फूट उंचीच्या माझ्या बायकोला लोणावळ्याची फक्त फळी दिसणार आणि तिला चिकटलेल्या वायरी.

तशात मागच्या उन्हाळ्यात सासरे आले. अप्पा मध्य रेल्वेत गार्ड होते, आयुष्य घाटात गेलं. एकोणिसावा आराखडा त्यांनी चष्मा लावून, पेपर वाचावा तसा वाचला.

‘‘जावईबापू, कॅच सायडिंग कुठाय?’’

घाट उतरताना गाडीचे ब्रेक गेले तर तिला बाजूला घेऊन चढावर दमवणारा आडरूळ म्हणजे कॅच सायडिंग. मी म्हटलं, ‘‘अप्पा, खेळण्यातल्या गाडीला कशाला?’’

‘‘रूळ बदलायचा काटा नेहमी सायडिंगकडेच लावलेला असतो. गाडी थांबली, काबूत आहे हे दिसलं, की मगच मेन लाइन. आणि बँकर?’’

‘‘नंतर घेऊ.’’

अप्पांनी आराखडा घडी करून परत दिला. शेरा नाही, सही नाही.

मी चिडून दुसऱ्याच दिवशी प्लायवूड कापलं आणि चकलीचे दोन वेढे उभे केले. एक इंजीन, बारा वाघिणी. अप्पा स्टुलावर बसले, हातात चहा. इंजिनाने पहिला वेढा घेतला. दुसऱ्यात त्याची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, कुंई कुंई असा बारीक आवाज आला. मी बोटाने मागून जरा रेटा दिला, आणि पाचव्या-सहाव्या वाघिणीमधला कपलिंगचा आकडा सुटला.

इंजीन पाच वाघिणी घेऊन वरच उभं. उरलेल्या सात मागे निघाल्या. पहिल्यांदा अगदी सावकाश, कुणाला कळू नये अशा. मग वळणावर कलंडत, खडखडत, सगळा उतार उतरून फळीच्या टोकावरून थेट खालच्या टोपल्यात. त्यात बायकोने धुवायला टाकलेल्या चादरी होत्या, म्हणून एकही वाघीण फुटली नाही.

अप्पांनी चहाचा घोट घेतला.

‘‘सायडिंगची जागा बरोबर आहे,’’ ते म्हणाले. ‘‘टोपलं हलवू नका.’’

विसाव्या आराखड्यात टोपलं आहे, मापासकट. अप्पांनी खाली सही केली आहे. धुणं आता कुठे ठेवायचं, यावर वर चर्चा चालू आहे.