मदत द्या, पण सूट नको

एका लेखात म्हटलंय की पाकिस्तानला मिळणारी परदेशी मदत रोखली तर तिथली गरीब जनताच भरडली जाईल, अटींचा उपयोग शून्य. दवाखान्यांचा, शाळांचा पैसा खुशाल चालू राहू दे. पण अटींचा उपयोग होत नाही, हे अजिबात पटत नाही. साजिद मीरचंच बघा. २६/११ ला फोनवरून ओलिसांना मारायचे हुकूम दिल्याचा आरोप ज्याच्यावर आहे, तोच हा. तो मेला, असं पाकिस्तान सांगत होता. दहशतवादाला मिळणाऱ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करड्या यादीतून, म्हणजे देखरेखीखालच्या देशांच्या यादीतून, सुटायची घाई झाली आणि २०२२ मध्ये मेलेला माणूस जिवंत निघाला, त्याला शिक्षाही झाली!

उलट अमेरिकेच्या २००९ च्या केरी-लुगर कायद्याने पाकिस्तानला ५ वर्षांसाठी ७.५ अब्ज डॉलरची मदत मंजूर झाली. दहशतवाद्यांवर कारवाईच्या अटी होत्या, पण त्या बाजूला ठेवायची मुभा अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांना होती. २०११ मध्ये लादेन सापडला तो अबोटाबादला, पाकिस्तानच्या लष्करी अकादमीपासून हाकेच्या अंतरावर.

अमेरिकेत मतदार असलेल्या आपल्या लोकांना कळकळीची विनंती, आपापल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयात फोन करा. मदतीला निर्बंधांची जोड देणाऱ्या विधेयकाला पाठिंबा द्या म्हणावं, आणि ते सूट देणारं कलम त्यात घालू नका.